तेलाचे हात

वडिलांचा सुजलेला पाय मी दवाखान्यात तेल लावून चोळला.

स्वाइन फ्लूचं साल होतं. वडिलांच्या छातीत तो ताप उतरला आणि द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात त्यांना नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून निजवलं. मास्क बांधून घरातल्या एकालाच आत सोडत. तो मान माझा, कारण कारकुनाच्या रजेनं कुणाचं काही अडत नाही, असं धाकट्या भावाचं मत होतं. तो मळ्यात झेंडू तोडत होता.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "या आजारात रक्त घट्ट होतं, त्यात बाबा पडून आहेत. गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन देतोय. तरी पाय सुजला, दुखला, तर आधी आम्हाला सांगा." मी मान हलवली. मान मी फार छान हलवतो, ऑफिसात त्यावरच टिकलोय.

मळ्यातलं एकही काम मला कधी जमलं नाही. पाणी भरायला गेलो की वाफा फोडून यायचो. पण रात्री वडिलांचे पाय चेपावेत तर मीच. म्हणून दवाखान्यात त्यांची डावी पोटरी सुजलेली दिसली आणि वडील म्हणाले, "पाय लय ठणकतोय रं," तर मला चक्क आनंद झाला. घरून तिळाचं तेल कोमट करून आणलं. सिस्टर औषधं आणायला गेल्या, तेवढ्यात बाह्या वर केल्या.

"जरा वर. हां, तिथंच," वडील मास्कमधून म्हणाले. डोळे मिटले.

त्यांच्या बोटाला चिमटा होता, त्याच्या मशीनवर सकाळपासून ऑक्सिजन चौऱ्याण्णव दिसत होता. मी पोटरी रगडत होतो. थोड्या वेळानं एक्क्याण्णव. मग अठ्ठ्याऐंशी. माझ्या तेलकट हातानं चिमटा सरकला असणार, मशीन बिघडलं असणार. मी तो काढला, पुसला आणि तपासायला स्वतःच्या बोटाला लावला.

अठ्ठ्याण्णव.

मशीन चांगलं होतं.

मी तसाच उभा राहिलो, बोटाला चिमटा, समोर आकडा. वडिलांचे ओठ जांभळट दिसत होते आणि ते भराभर श्वास ओढत होते. ओरडावं असं वाटलंच नाही. सिस्टर आल्या, त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, तेलाच्या बाटलीकडे पाहिलं आणि मग त्याच ओरडल्या. खाट चाकांवर निघाली. मी बाटलीचं बूच शोधत बसलो.

बाहेरच्या बाकावर काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, भीती नाही. हाताला तिळाच्या तेलाचा वास येत होता, आणि घरी फोन करायचा तर फोनला डाग पडतील, एवढंच डोक्यात. बऱ्याच वेळानं डॉक्टर आले. "पायातली गुठळी फुप्फुसात गेल्यासारखी दिसतेय. रक्त पातळ करायचं औषध वाढवलंय. आता वाट बघायची."

"माझ्या चोळण्यानं गेली?"

"आपली आपणही गेली असती. सांगता येत नाही. पण चोळायला नको होता."

मी मान हलवली.

पुढचे दिवस वडील आयसीयूत होते, आत कुणालाच सोडत नव्हते. मी त्यांचा डबा आणायचो, बाकावर ठेवायचो आणि तसाच परत न्यायचो. घरी बायको विचारायची, "कसे आहेत?" मी आकडा सांगायचो. आकडा नव्वदच्या वर टिकू लागला, तरी बधिरपणा काही गेला नाही.

एकदाचं आत सोडलं. वडील उशीला टेकून बसले होते, बोटाला तोच चिमटा. मी पायावरची चादर नीट करायला हात पुढे केला. त्यांनी पाय आखडून घेतला आणि मास्क बाजूला केला.

"आरं, लांब हो. एवढं एकच काम येत व्हतं तुला, तेबी नाय येत."