माडीवरची खोली

पंचवटीतले आमचे शेजारी, आम्ही त्यांना काका म्हणायचो, दर दिवाळीत माडीवरच्या रिकाम्या खोलीला चुन्याचा हात द्यायचे. ‘पोरगं आलं तर राहील कुठं?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरगं घर सोडून गेलं ते परतलंच नव्हतं.

नगरपालिकेनं घरपट्टीची फेरआकारणी काढली. मोजणीला आलेला माणूस म्हणाला, ‘काका, खोली रिकामी असली तरी तिचं भाडं धरूनच पट्टी बसते. वर छप्पर आहे ना!’

काकांनी त्याला चहा पाजला आणि दुसऱ्याच दिवशी खोलीचे पत्रे काढले. ते वरून एकेक पत्रा सोडत होते, मी खाली धरत होतो.

‘आता नाय बसायची पट्टी,’ एवढंच बोलले.

त्या दिवाळीतही त्यांनी उघड्यावरच्या त्या भिंतींना चुना दिला. ठरलेलं वाक्य मात्र म्हणाले नाहीत.