एकट्याची होडी

"इकली म्हंजे? चांगली धडधाकट होडी इकली?"

"वरडू नको. काठावर लोक हायत."

"असू द्या! लोकांनाच इचारते. तुमच्यात कुणी बायकोला न इचारता होडी इकली का?"

काठावरचे सगळे गडी जाळी झटकायला लागले!

आमच्या पालीच्या तलावात गाळ आणि काठावर किस्से, दोन्ही साचतच जातात. पण या भांडणाचे किस्से मीच सांगितलेले बरे. दुसरे सांगतात आणि वर मीठही लावतात.

*

आमचे मालक वल्हं मारायचे, मी जाळं टाकायची. जन्म असाच गेला. मग शेजारच्या गुरुजींनी रिटायर झाल्यावर मोठं घर विकलं आणि बीडला लहान फ्लॅट घेतला. झालं! मालकांच्या डोक्यात तेच शिरलं.

"मोठ्या होडीला डांबर लई, डागडुजी लई. लहान घिऊ. उरलेला पैसा म्हातारपणाला बँकेत."

मी म्हणाले, "म्हातारपण अजून यायचंच हाय का?"

तोंडात एकही दात नसलेला माणूस, म्हातारपणाची वाट बघत होता!

*

नवी होडी टेम्पोतून आली. मी आत डोकावले आणि विचारलं, "ही गव्हाण कुणाच्या बैलाची?"

"होडी हाय ती!"

मालक आत बसले, पाय पसरले. होडी भरली. मी काठावर उभी.

"आन् मी कुठं बसू?"

"तू आता घरी आराम कर. जाळं मी एकलाच टाकीन. तू बी रिटायर!"

मी थक्कच झाले. मला कामाला ठेवलं होतं कुणी, की हे काढायला निघाले?

*

जुनी होडी कुणी घेतली म्हणाल, तर वडवणी रोडच्या एका ढाबेवाल्याने. मी एसटीने जाऊन पाहिलं आणि जागीच बसले. होडी कोरड्या जमिनीवर! आत टेबल, वर लायटिंग, आणि माझ्या जाळ्याच्या जागेवर एक जोडपं फिश थाळी खात होतं.

वेटर धावत आला. "आजी, फॅमिली सीट पायजे का?"

"पोरा, त्या सीटवर माझं बाळंतपण व्हायचं राहिलं होतं. काठ गाठला म्हणून वाचले!"

जोडपं थाळी उचलून दुसऱ्या टेबलावर गेलं.

*

जुन्या होडीचं शीड माझ्या दोन लुगड्यांचं होतं. नव्या होडीला मालकांनी निवडणुकीतला जुना फ्लेक्स कापून लावला. होडी एवढीशी, त्यामुळे नेत्याचं तोंड नाकापर्यंतच मावलं. डोक्यावरचा मजकूर मी वाचून दाखवला. शाळा मी पाहिली नाही, मासे बांधायच्या पेपरांवर वाचायला शिकले. लिहिलं होतं, 'आपला हक्काचा माणूस'.

दुसऱ्याच दिवशी कार्यकर्ता बुलेटवर हजर. "सायबांचं अर्धं तोंड कावून कापलं?"

मालक होडीच्या मागे सरकले. मीच पुढे झाले. "आमी रिटायर झालो बाबा. आता पुरं तोंड परवडत न्हाई!"

तो डोकं खाजवत गेला. मालक हसले. मी हसले नाही. माझी जागा अजून ठरायची होती.

*

मग होडी पाण्यात उतरवायचा दिवस आला. आमच्या काठाची रीत अशी, की नव्या होडीत आधी घरची बाई बसते, पाण्याला हळद वाहते, मगच गडी पाय टाकतो. मालक रितीला लई पक्के. सगळा काठ जमा झालेला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनीच माझ्यासाठी होडी धरली.

"बस. हळद वहा. आन् उतर."

मी बसले. हळद वाहिली. मग पदराखालचं जाळं काढून मांडीवर घेतलं आणि वल्हं उचललं. वारा सुटला, अर्धं तोंड फुगलं, मालकांच्या हातातून होडी निसटली.

"अगं उतर! मी कुठं बसू?"

मी मागे वळून म्हणाले,

"रिटायर तुमी झालात न्हवं? मग घरी जाऊन भाकरी थापा, मी कालवणाचं घिऊन येते!"