दहातले चार डाव

"तुझ्याच्यानं व्हायचं नाही" असं राहीला म्हणू नये. एकदा म्हटलंत की ते काम होईपर्यंत ती बाई स्वतः स्वस्थ बसायची नाही आणि तुम्हाला बसू द्यायची नाही. हातखंब्यापलीकडच्या वाडीतली ही पाष्ट्यांची सून. नवरा मुंबईला कंपनीत, घरी यायचा गणपतीला आणि शिमग्याला. ही आंब्याच्या दिवसांत शेडवर फळांची प्रतवारी करायची, आणि उरलेलं वर्ष रत्नागिरीत एसटी स्टँडामागे महिपतशेटच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गल्ल्यावर बसून टोकनं द्यायची.

बत्तीस वर्षांची बाई गेमच्या दुकानात! वाडीत कुजबुज झालीच. राहीने विहिरीवर सगळ्या जमल्या असताना ऐकवलं, "बसायला खुर्ची हाय, डोक्यावर पंखा हाय. तुमच्या पोटात कशाला दुखतंय?" त्या दिवसापासून कुजबुज बंद.

सकाळी पोरं शाळा-कॉलेजात असायची. मशीन नीट चालतात का बघायला शेटने तिला रोज चार डाव खेळायची मुभा दिली होती. मारामारीच्या मशीनवर बारा लढवय्ये. त्यांची इंग्रजी नावं वाचत बसतंय कोण? पार्लरने आपलीच ठेवली होती. सुरीवाला, पैलवान, वीजबाई, आणि हातात कंदील घेऊन चालणारा एक दाढीवाला म्हातारा, तो आजा. आजा भलताच हळू. उडी मारली तर खाली येईस्तोवर चहा पिऊन व्हावा. पण समोरच्याचा वार हुकला रे हुकला की आजाचा कंदील असा बसायचा की तो उताणाच. राहीला हे फार आवडलं. समोरच्याने घाई करावी आणि आपण वाट बघावी, हे तिला बरोबर जमलं. तीन वर्षं ती आजाच खेळली. संध्याकाळी पोरांशीही खेळायची, आणि हरवलं की वर टोमणे मारायची ते वेगळेच.

२००४च्या दिवाळीत पार्लरचा जुना खेळाडू शौनक पुण्याहून सुटीला आला. इंजिनिअरिंगला होता, पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. इंटरनेटवरून त्याने एक यादी छापून आणली होती. बाराही लढवय्ये वरपासून खालपर्यंत लावलेले, सगळ्यात वर सुरीवाला आणि सगळ्यात खाली आजा.

नेमका तेव्हाच चिपळूणच्या पार्लरशी सामना ठरला होता, तिघांचा संघ. दोन जागा शौनकच्या आणि रोज संध्याकाळी येणाऱ्या सागरच्या, त्याबद्दल वाद नव्हता. तिसरीवर राहीने कधीपासून डोळा ठेवला होता. महिपतशेटने यादी भिंतीला चिकटवली आणि फर्मान काढलं, यादीतल्या पहिल्या चारांपैकी एखादा लढवय्या घेऊन जो खेळेल त्यालाच जागा.

राहीचं डोकंच फिरलं. "ही प्रत लावली कुणी? बघून लावली की खेळून?"

"वहिनी, खेळूनच," शौनक म्हणाला. "हजारो लोकांनी. हे बघा, दोन सारख्याच तयारीचे खेळाडू धरायचे. एकाने सुरीवाला घेतला, दुसऱ्याने आजा, तर दहातले किती डाव कोण जिंकेल? असं प्रत्येकाचं प्रत्येकाशी मांडायचं आणि बेरीज करायची. सुरीवाल्याशी आजा दहात दोन जिंकतो."

"दोन?"

"दोनच."

"बस मशीनवर," राही म्हणाली. "दहा डाव. तू तुझा सुरीवाला घे."

पार्लरमधली बाकीची मशीन ओस पडली, सगळे मागे उभे. पहिले तीन डाव शौनकने असे जिंकले की सागरला हसू आवरेना. राहीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौथ्याला ती थंडावली. शौनक वार करतोय, ती मागे सरकतेय, आणि एकदा सुरी हुकली तसा कंदील बसला. मग पाचवाही तिचा. सहावा गेला, सातवा आला, आठवा आला, शेवटचे दोन गेले. शौनक सहा, राही चार.

"बघा," शौनकने घाम पुसला. "हरलात की नाही?"

"हरले. तुझा कागद म्हणतो दोन, माजे झाले चार. वरचे दोन कुणाचे? आजाचे तर नायत. त्याचे दोन तूच सांगितलेस."

शौनक भिंतीवरच्या यादीकडे बघायला लागला.

"आता उलट. तू आजा घे, मी सुरीवाला."

"मी आजा कधी खेळलो नाहीये, वहिनी."

"मी तरी सुरीवाला कुठं खेळलंय? बस!"

बसावंच लागलं त्याला. दहाच्या दहा डाव गेले. शौनकने आजाला उडी मारायला लावली की राही खाली सुरी धरून उभीच. दहाव्या डावानंतर शौनकने बटणांवरून हात काढले आणि म्हणाला, "कसला भिकार आहे हा म्हातारा!" त्यावर सगळं पार्लर हसलं, आणि मग तोही हसला. पोरगा मनाने चांगला, म्हणाला, "शेट, तिसरी जागा वहिनींची."

महिपतशेटचा चेहरा खुलला. "झ्याक! राही, सुरीवाला घेऊन चल चिपळूणला."

"नाय. आजाच."

"अगो, आत्ताच बघितलंस ना? तळाचा आहे तो!"

"हाय तळाचा. मी कधी नाय म्हटलं? पण हा कागद चिपळूणलाही पोचला असणार. तिकडं सगळे सुरीवाल्याशी लढायला शिकलेत. आजाशी लढायला कोण शिकलाय?"

शेट डोकं खाजवत राहिला. संघाची वही उघडली, पेन उचललं, आणि परत थांबला. "आणि हरलीस तर? लोक म्हणतील, महिपतने तळाचा लढवय्या पाठवला."

राहीने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर आपलं नाव स्वतः लिहिलं, पुढे आजा.

"हरले तर राही हरली म्हणा, शेट. त्या म्हाताऱ्यावर ढकलायचं नाय."