सात देवांचे भाऊ

माझं अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली. कोणी वाचलंच तर माफ करावं, पण हा राग आत ठेवून मला झोप येत नाही.

माझी मुलगी चंद्रपूरला गणितात संशोधन करते. आकड्यांच्या चौकटींचे गट पाडून प्रत्येक गटाला खूण द्यायची. दोन गटांतल्या चौकटी एकदा सुलट, एकदा उलट क्रमाने गुणून वजाबाकी केली की उत्तर त्या दोन खुणा मिळून ठरवतील त्याच गटात पडलं पाहिजे. अशा वाटण्या किती, हे ती शोधते.

"माय, दोन वाटण्या वेगळ्या दिसतेत, पण खुणांची नावं बदलली की एकच निघतेत."

मी म्हटलं, "आपल्यासारखंच. एटापल्लीकडे आडनाव वेगळं राह्यते, पण तेही आपल्यासारखे सात देव पुजणारे असले की आपले भाऊच. लग्न जमत नाई."

तिने हेच उदाहरण कॉलेजात सगळ्यांसमोर दिलं. तिला ऐकायला मी मागच्या बाकावर बसले होते. तिचे सर म्हणाले, "हे गणित आहे, सोयरीक नाही. त्यापेक्षा मोहफुलं वेचायची होती." सगळे हसले. तिच्या हातातला खडू थांबला. मी गप्प बसले, कारण तिची फी सरांनीच भरली होती. माझ्या त्या गप्प बसण्याचाच मला जास्त राग आहे.

उन्हाळाभर मी मोहफुलं वेचली आणि विकली. मग एकटीच जाऊन सरांच्या टेबलावर फीचे पैसे ठेवले.

"घाई काय होती, बाई?"

"मोहफुलांचेच आहेत, सर. मोजून घ्या."

त्यांनी मोजले. पूर्ण निघाले.