अल खोरच्या धक्क्यावरचा कौल

मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं माझ्या पिशवीतून पत्र्याची डबी काढली, उघडली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. डबीत गळ होते, लहानमोठे, तेल लावून फडक्यात गुंडाळलेले.

"बाई, हे काय?"

"मासे धरायचे गळ."

"कतारला मासे धरायला चाललात?"

"नाही. वडिलांना परत आणायला चाललेय. गळ त्यांनी मागवलेत."

त्यानं डबी बंद करून परत दिली. माझा चेहराच तसा असणार. कराडहून निघाले तेव्हापासून डोक्यात तिडीक होती आणि ती कतारभर माझ्यासोबत फिरली, हे आधीच सांगून टाकते. गंमतजंमतीचं प्रवासवर्णन वाचायला बसला असाल तर ते हे नव्हे.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीतली. आई गेल्यावर माझा धाकटा भाऊ विलास आबांना दोह्याला घेऊन गेला. विलास तिथल्या एका बांधकाम कंपनीत इंजिनियर. जाताना सगळ्या नातेवाइकांना त्यानं सांगितलं, "आबा आता कायमचे माझ्याकडे. मुलगा असताना मुलीच्या दारात कशाला?" आई आजारी असताना रोज डबा घेऊन धावणारी ती मुलगी मी. पण ते असो. आबांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. त्यांना तिथेच ठेवायचं की परत पाठवायचं, हे आता ठरवायला हवं होतं. मला ते घरी हवे होते.

विमानात सगळे पुरुष. शेजारी खेडचा एक गवंडी होता, रजा संपवून परत चाललेला. खिडकीची जागा त्यानं मला दिली आणि स्वतः डोळे मिटून बसला. "बघून काय करू ताई, खाली सगळं मातेरंच हाय," म्हणाला. खरंच होतं. खाली सपाट, भाजलेल्या पापडाच्या रंगाची जमीन, आणि तिच्या कडेला समुद्र मात्र असा हिरवागार की खोटा वाटावा.

विलास गाडी घेऊन आला होता. "आबा एकदम मजेत आहेत गं," हे त्याचं पहिलं वाक्य. मी विचारलंही नव्हतं.

बिन ओमरानमधल्या त्याच्या फ्लॅटवर पोचलो. दुसरा मजला, खाली मल्याळी माणसाचं किराणा दुकान, समोर तसल्याच आणखी इमारती. बैठकीच्या खोलीत गालिचा, रंगीत टीव्ही, काचेच्या कपाटात कपबश्या. आबा कुठे आहेत म्हणून बघते तर काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत. तिथे एक लोखंडी खाट, खाटेखाली त्यांची ट्रंक, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर तंगुसाची वेटोळी टांगलेली. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. आबा उठले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात थरथरत होता. आई गेल्यापासून त्यांच्या हातांना कंप सुटला होता, तो आता वाढला होता.

"गळ आणलेस, शालू?"

"आणले."

"बरं झालं. इथले लई ठोकळे असतात."

माझी भाची पूर्वा दारातून आम्हाला बघत होती. आबांनी तिला बोलावलं तर "आय हॅव होमवर्क" म्हणून पळाली. विलासची बायको नंदा स्वभावानं वाईट नाही. पण पाहुणे आले की ती बाल्कनीचा पडदा ओढून घ्यायची. आबांनी एकदा खालून मासे आणून स्वतः साफ केले, तेव्हापासून स्वयंपाकघरात त्यांचं येणं बंद झालं होतं. बिल्डिंगमध्ये वास जातो म्हणे. आयुष्यभर कृष्णाकाठी बसलेला माणूस, आणि चार महिन्यांत त्याला समुद्र एकदाही दाखवला नव्हता. समुद्र होता गाडीनं दहा मिनिटांवर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विलासला विचारलं तर म्हणाला, "ताई, इथली लाइफ तुला कळणार नाही. शुक्रवार एकच सुट्टी असते."

मी म्हटलं, "मग आबा माझ्याबरोबर येतील."

"अजिबात नाही. लोक काय म्हणतील? बापाला चार महिन्यांत परत धाडलं?"

अशी आमची रोजची जुंपायची. सकाळी चहाला, रात्री जेवताना. जेवणात खुब्ज (तिथली बेकरीतली मोठी रोटी) आणि मी नेलेला ठेचा असायचा, पण घास कडू व्हायचा. शेवटी आबा एकदा ताटावरून उठले आणि म्हणाले, "गप बसा दोघं. मी इथं राहावं का, कौल लावू."

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. गावोगावचे लोक कौल लावायला देवळात जातात. देवाला फूल चिकटवतात, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मामलेदार कचेरीत कारकुनी केलेले माझे वडील देवळाची पायरी चढत नसत. ते कौल लावायचे कृष्णेच्या पाण्यात. गळ टाकायचा. पहिला मासा लागला आणि हातात आला तर होकार. लागून सुटला तर नकार. एकदाच. विलासला इंजिनियरिंगला घालायचं ते असंच ठरलं. माझं लग्नसुद्धा एका मरळ माशानं ठरवलं. ती मरळ मी स्वतः साफ करून रांधली होती, म्हणून अजून आठवते. नवरा चांगला निघाला ही त्या मरळीची कृपा.

आणि त्या गळांच्या गाठी कोण मारायचं? मी. जाड दोऱ्याच्या टोकाला हातभर बारीक तंगूस जोडायचा आणि त्या बारीक तुकड्याला गळ बांधायचा. बारीक एवढ्यासाठी की माशाला दिसू नये, आणि कुठे मुळीत अडकलंच तर तेवढा तुकडा तुटावा, बाकीचा दोरा वाचावा. हे तुकडे घरी आधीच बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवायचे. गळाच्या दांडीभोवती पाच वेढे, टोक मागे फिरवून फासातून घ्यायचं, थुंकी लावायची आणि सावकाश आवळायचं. कोरडं ओढलं तर तंगूस घासून तापतो आणि कमजोर होतो. आबांनी हे आम्हा दोघांनाही शिकवलं. माझ्या बोटांत ते बसलं. विलास कायम दोन वेढ्यांत उरकायचा आणि आबांच्या शिव्या खायचा. तरी गळ टाकायचा तोच. पोरीच्या जातीनं गळ टाकायचा नसतो म्हणे, मासे रुसतात. गाठ मात्र पोरीची चालायची. ऐकावं ते नवलच.

गुरुवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर बसून चार तुकडे बांधले. समुद्राचा मासा म्हणून तंगूस जरा जाड घेतला. विलास समोर पेपर वाचत होता. माझ्या मनात एक विचार आला, तो लपवत नाही. एक गाठ सैल सोडली असती तर मासा सुटला असता, नकार पडला असता आणि आबा माझ्याबरोबर आले असते. अगदी सोपं होतं. पण बोटं ऐकेनात. सैल गाठ मारायची म्हणजे माझ्या हातांना शिवी दिल्यासारखं झालं असतं. चारही गाठी मी दातओठ खाऊन आवळल्या, खिळ्याला अडकवून ओढून बघितल्या आणि पुठ्ठा विलासच्या पिशवीत ठेवला. म्हटलं, जिंकायचं तर खरं जिंकू.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. अल खोर हे उत्तरेकडचं कोळ्यांचं गाव. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना दगडगोटे आणि वाळू, मध्येच चारपाच उंट निवांत रस्ता ओलांडणारे. विलासनं गाडी थांबवली आणि हॉर्न मारला. उंटांनी ढुंकून बघितलं नाही. आबा हसले. मी आल्यापासून पहिल्यांदा हसताना दिसले.

अल खोरचा धक्का दगडी. लाकडी गलबतं रांगेनं बांधलेली, जाळ्यांचे ढीग, वाऱ्याला खारट वास. थंडी चांगलीच होती. धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा कतारी हातातच दोरा धरून बसला होता, काठीबिठी काही नाही. आम्हाला बघून त्यानं सतरंजीवर जागा केली.

"हिंदी?" त्यानं विचारलं. हिंदी म्हणजे भारतीय.

"बम्बई के पास," विलास म्हणाला.

"बम्बई मैं गया. लाँच में. बहोत साल पहले." त्यानं थर्मासमधून कहवा ओतला. वेलदोडा घातलेला पिवळसर, कडू कहवा आणि सोबत खजूर. माझा कप रिकामा झाला की तो भरायचा. मला वाटलं, नाही म्हणणं बरं दिसणार नाही, म्हणून पीत राहिले. शेवटी त्यालाच दया आली. कप हातात धरून हलवून दाखवला, म्हणजे पुरे. "खलास," म्हणाला. मी कप हलवला तेव्हा सुटका झाली. तोवर विलासनं आबांचा दोरा तयार केला होता.

म्हाताऱ्यानं मला विचारलं, "तुम नहीं डालेगी?"

मी तोंड उघडायच्या आत विलास म्हणाला, "नहीं नहीं, वो नहीं डालती."

चाळिशीची झाले मी. शाळेत साठ साठ पोरं सांभाळते. आणि मी गळ टाकते की नाही हे माझा धाकटा भाऊ परक्या देशात परक्या माणसाला सांगतो. तेवढ्यात आबांनी दोरा हातात घेतला. गळ टाकण्याआधी ते नेहमी करायचे तसंच त्यांनी केलं. दोऱ्यावरून अंगठा खाली नेत नेत गाठीपर्यंत आणला. तिथे अंगठा जरा थांबला. कंपामुळे असेल, असं मला वाटलं. मग त्यांनी गळ पाण्यात सोडला.

बराच वेळ काही नाही. विलास येरझाऱ्या घालत होता. माझा जीव टांगणीला. आणि मग दोरा ताणला. आबांचा हात खसकन पुढे गेला, ते उठून उभे राहिले. "हमूर, हमूर," कतारी म्हातारा म्हणाला. हमूर म्हणजे खडकाच्या कपारीत राहणारा जाडजूड मासा. आबा शांतपणे दोरा घेत होते, ढील देत होते. पाण्याखाली तपकिरी पाठ एकदा दिसली. मग दोरा एकदम सैल पडला.

कतारी म्हातारा चुकचुकला. आबांनी दोरा ओढून घेतला. टोकाला गळ नव्हता.

"नकार," आबा म्हणाले आणि खाली बसले.

विलासनं समुद्राकडे तोंड केलं. "आता कौलच पडला तर काय करणार," तो म्हणाला. "आबा, तुमची रीत मी मोडणार नाही."

मी जिंकले होते. आनंद व्हायला हवा होता. पण दोऱ्याचं टोक माझ्या हातात आलं आणि माझं डोकं फिरलं. तंगूस तुटला तर टोक तुटक, खरबरीत असतं. गाठ घसरली तर ते डुकराच्या शेपटीसारखं वळतं. हे टोक वळलेलं होतं. माझी गाठ घसरत नाही. मी पिशवीतून पुठ्ठा काढला. मी बांधलेले चारही तुकडे त्यावर जागच्या जागी होते. कुणी हात लावला नव्हता.

म्हणजे आबांच्या दोऱ्याला होता तो तुकडा विलासनं बांधलेला होता. दोन वेढ्यांचा.

लोकांपुढे छाती ठोकून "आबा माझ्याकडे" म्हणणाऱ्या माझ्या भावाला आबा नको होते. ते तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्यानं कौलच खोटा पाडला होता. तिथल्या तिथे त्याची गचांडी धरावी असं वाटलं. पण बोलले असते तर आबांना कळलं असतं. म्हणून मूग गिळून बसले. टोकाचा तेवढा तुकडा तोडला आणि रुमालात बांधला. परतीच्या वाटेवर विलास सारखा बोलत होता, नेहमीपेक्षा दुप्पट. घरी गेल्यावर नंदानं आबांसाठी शिरा केला. पडदा उघडा होता.

निघायच्या दिवशी विमानतळावर आबा सामानाजवळ बसले तेव्हा मी विलासला बाजूला घेतलं आणि तो तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो ओळखला. चेहरा उतरला.

"ताई, मला सांगता येत नव्हतं गं. घरात रोज कटकट. नंदाला..."

"नंदाचं नाव घेऊ नकोस. गाठ तुझी आहे."

"आबांना सांगू नकोस."

"नाही सांगणार. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी." आणि तरी राहवलं नाही म्हणून म्हटलं, "तुला गाठ बांधताही आली नाही आणि सरळ हातानं सोडताही आली नाही."

तो डोळे पुसत उभा राहिला. मला दया आली नाही. आज लिहितानाही येत नाही.

कराडला पोचल्यावर आबा दोन दिवस झोपूनच होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल नदीवर. संगमाच्या खालच्या अंगाला त्यांची ठरलेली जागा आहे. मी बसले आणि गळ बांधायला घेतला. आबा माझ्या बोटांकडे बघत होते.

"पाच," ते म्हणाले.

"पाचच घालते मी नेहमी."

"ते ठाऊक हाय. त्यानं दोन घातले होते."

माझे हात थांबले. "तुम्हाला कळलं होतं?"

"अंगठ्याला लागले की."

"कधी? टाकायच्या आधी?"

"हो."

"मग टाकलात कशाला? तिथल्या तिथे त्याच्या तोंडावर फेकायचा होता तो दोरा."

आबा पाण्याकडे बघत म्हणाले, "‘आबा, तुम्ही जा’ असं पोराला तोंडानं म्हणायला लावू होय?"

मला रडू आलं, आणि रागही तेवढाच आला. विलासचा आला, आबांचाही आला. मी सगळं पोटात ठेवून आले होते ते आबांना कळू नये म्हणून, आणि आबा गप्प होते ते विलासला कळू नये म्हणून. एवढा लांबचा प्रवास आम्ही तिघांनी एकमेकांना न सांगण्यात घालवला. मी गाठीला थुंकी लावली आणि आवळली. आबांनी गळ घ्यायला हात पुढे केला.

मी दिला नाही. उठले, पाण्यापर्यंत गेले आणि गळ मीच टाकला. मागे वळून बघितलं नाही.