तीन वाजता उघडायचं पान

दिल्लीत आम्ही द्वारकेला राहायला आलो, तेव्हा सोसायटीत घरोघरी कंप्यूटर आले होते आणि दुपारभर झाकून ठेवलेले असत. लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचा प्रोजेक्ट असा, की पुष्कळ लोकांनी आपापल्या घरी एकच वेबपेज उघडायचं आणि त्या सगळ्या कंप्यूटरांनी मिळून एक मोठं गणित वाटून घेऊन सोडवायचं.

"पण गणित दिसतं कुठे?" मी विचारलं.

"दिसत नाही गं आई, आतल्या आत चालतं. तू बस ओळखीच्यांना पेज उघडायला सांग, यार."

मला ओ की ठो कळलं नाही. म्हटलं, हो हो, बिल्कुल.

शुक्रवारी तीनला सरांना ते चालवून दाखवायचं होतं. नाही चाललं, तर नवा विषय घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कंप्यूटर कमी पडत होते, म्हणून मी शक्कल लढवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेवीस मराठी बायका आल्या, प्रत्येकीच्या वाणाच्या वाटीत तिळगुळाशेजारी पेजच्या पत्त्याची चिठ्ठी ठेवली. "नेमकं करायचं काय?" एकीनं विचारलं. आता मी काय सांगणार, कपाळ! म्हटलं, "तीनला उघडायचं, काय येतं ते वाचायचं, झालं."

शुक्रवारी मीही उघडलं. 'थँक्यू' आलं. पाठोपाठ फोन सुरू: "वहिनी, उघडलं बरं का! थँक्यू आलं, बंदही केलं." इतक्यात सुटलं गणित? मी पार चक्रावले. पण पोरीची कमाल आहे म्हणत मीही बंद केलं.

सव्वातीनला तिचा फोन. "आई, सगळे गेले कुठे?"

"कोण गं?"

"कंप्यूटर! आले आणि गेले. पेज उघडंच ठेवायचं होतं ना! सर समोर बसलेत."

पुन्हा उघडा म्हणून मी घरोघरी फोन लावत सुटले. निम्म्या बायका मुलांना आणायला स्कूलबसपाशी गेलेल्या. सातजणी सापडल्या, तोवर सर उठून गेले होते.

संध्याकाळी ती आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. मीच तिला तोंडघशी पाडलं होतं. मला रडूच फुटलं.

"कळलं नव्हतं तर विचारायचं ना, आई," ती हळूच म्हणाली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी खरं ते सांगून टाकलं. किती वर्षांनी ती माझ्याकडे काहीतरी मागायला आली होती. विचारत बसले असते, तर "जाऊ दे, तुला नाही जमणार" म्हणून ती उठून गेली असती.