वीस टोमॅटो आणि बारा बाय चौदाचं घर

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइम गावाच्या कडेला, रेल्वेरुळांलगत, बागसंघाने आम्हाला बागेसाठी जमिनीचा तुकडा भाड्याने दिला, तेव्हा सासूबाई जाऊन सहा महिने झाले होते. बायको घरात चार शब्दही बोलत नसे. मातीत हात घातला की मात्र बोलायची. म्हणून तो तुकडा टिकवायलाच हवा होता. पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि एक तृतीयांश जागेत भाजी किंवा फळं हवीत, ही संघाची अट.

मी शूर माणूस. आधीच्या भाडेकरू म्हाताऱ्या बाईंची काटेरी झुडपं मुळासकट उपटली आणि झकास हिरवळ पेरली.

शेजारच्या बागेतले आजोबा कुंपणावर रेलून म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं, ती गूजबेरी होती, फळांची झुडपं. तुमचा तृतीयांश तुम्हीच फेकलात."

संघाची तपासणी चार दिवसांवर आलेली. माझा चेहरा पाहून त्यांनी मला बिअर दिली आणि आपल्या पणजोबांच्या भावाची गोष्ट सांगितली. तो अमेरिकेत गेलेला. तिथे आधी झाडांवर आपल्या नावाची अक्षरं कोरायची, थोडा मका पेरायचा, की जमीन आपली. पुढे कायदा आला: घर बांधा, पाच वर्षं जमीन कसा, मग मालकीचा कागद मिळेल.

"घर बारा बाय चौदाचं आहे अशी शपथ घ्यायची. फूट की इंच, कोण विचारतो? काहींनी इंचांतच बांधलं!"

"आणि तिथे आधीपासून राहत होते ते लोक?" मी विचारलं.

"त्यांना कोण विचारतो?" आजोबांचं हसू ओसरलं.

मला त्यातलं इंचांचं घर तेवढं आवडलं. तपासणीच्या सकाळी बायको यायच्या आत मी बाजारातून टोमॅटोची वीस रोपं आणली, हिरवळीत खड्डे केले आणि कुंड्यांसकट पुरली. वर माती सारखी केली. काय मळा दिसत होता!

तपासायला आलेले संघाचे अध्यक्ष वाकले. एक रोप धरून हलकेच ओढलं. खालून काळी प्लास्टिकची कुंडी वर आली.

बायको खळखळून हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," अध्यक्ष म्हणाले आणि वहीत लिहू लागले.

पंधरा दिवसांनी संघाचं नकाराचं पत्र आलं आणि आम्ही बागेची किल्ली परत केली. विसाच्या वीस कुंड्या आमच्या उत्तरेकडच्या बाल्कनीत आल्या.

"अहो, यांना ऊन कुठून आणणार?" तिने विचारलं.

त्या आठवड्यात ती एवढंच बोलली.